रकाना सातवा: नजरेच्या वस्तूंच्या प्रकल्प नोंदी

२२ जुलै २०२४, सोमवार

नववीचा या वर्षीचा प्रकल्प ठरला. घरोघरी नजर लागू नये म्हणून जे काही बांधतात, टांगतात, लावतात ते गोळा करायचं, त्याची नोंद करायची आणि गणपतीत शाळेच्या व्हरांड्यात मांडायचं. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव लहान आहे, पण गल्लीत पन्नास पावलं चाललं तरी दहा वस्तू दिसतात. मी विज्ञान शिकवते, म्हणून स्टाफरूममध्ये थोडी चेष्टा झाली. "मॅडम आता लिंबू-मिरची शिकवणार." शिकवणार, त्यात काय!

३४ मुलं आहेत. प्रत्येकासाठी एक फॉर्म छापला, आठ रकान्यांचा: वस्तू, कशाची बनलेली, कुठे बांधतात, कोणी दिली, कधीपासून आहे, कोणत्या वारी बदलतात, नजर कोणाची लागली असं घरच्यांना वाटतं, शेरा. सातवा रकाना मला सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले. वस्तू सगळेच गोळा करतात, आपण माणसंही नोंदवू, असा तो विचार.

२७ जुलै, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर सहा मुलांना घेऊन अमळनेरच्या बाजारात गेले. शनिवार मुद्दाम निवडला. एक माणूस हातात लिंबू-मिरच्यांचा झुपका घेऊन दुकानामागून दुकान करत होता. मधे लिंबू, वर-खाली मिळून सात हिरव्या मिरच्या, शेवटी कोळशाचा तुकडा किंवा बिब्बा, एक दहा रुपये. दुकानदार मान वर न करता पैसे देतो, तो मागच्या आठवड्याची माळ काढून रस्त्यावर टाकतो. ती ओलांडायची नाही हे आमच्यातल्या पाच मुलांना ठाऊक होतं. सहावा ओलांडून गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे दोस्त त्याच्याकडे बघत राहिले.

मुलांना विचारलं, ही रीत किती जुनी असेल? "पांडवांच्या काळची" असं उत्तर आलं. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेकडून इकडे आणली. म्हणजे पांडवांच्या दारावर काहीही टांगलेलं असो, त्यात मिरची नव्हती. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळताना बघून मोठ्या झालेल्या पोरांना हे पटेना. एकजण म्हणाला, मिरची बाहेरची तर ठेचा पण बाहेरचा? त्याचं उत्तर मी पुढच्या तासावर ढकललं.

मोबाईलवर फिरणारं 'शास्त्रीय कारण'ही एकीनं आणलं होतं. सुती दोऱ्यातून लिंबाचा अर्क हवेत सुटतो आणि किडे दूर राहतात, असं. वर्गाच्या एका खिडकीत माळ टांगली, शेजारची खिडकी मोकळी ठेवली.

३ ऑगस्ट, शनिवार

आठवडा झाला. लिंबू आक्रसून सुपारीएवढं झालं, दोन मिरच्या लाल पडल्या, एक काळी. बारीक चिलटं माळ टांगलेल्या खिडकीत जास्त. किड्यांना आमचं शास्त्रीय कारण कुणी कळवलं नसावं. एका माळेवरून सिद्ध काही होत नाही हे फळ्यावर लिहिलं. तरी मला या 'वैज्ञानिक कारण' प्रकाराचा रागच आहे. आजी सरळ सांगते, नजर लागू नये म्हणून. त्यात प्रामाणिकपणा आहे. नातू तिला फसवं विज्ञान चिकटवतो.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी, आणि श्रावणातला पहिला शुक्रवार. घराघरात भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवलेला. मुलांना सांभाळणारी ती हीच. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते, त्यानंतर त्या कपाळाची काळजी घ्यायला घरची माणसं लागतात: काजळ, तीट, कमरेला काळा करदोडा, मनगटात काळे मणी.

बेलदार गल्लीच्या तोंडाशी एक आजी सात महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी तांब्याची थाळी, थाळीला जमलेली काजळी बोटानं खरवडून त्यात तुपाचा थेंब. तीट कपाळाच्या मधोमध नाही, एका कडेला, आणि दुसरी उजव्या तळपायाला. मी बाळाच्या डोळ्यांत नका घालू एवढं सांगितलं. बाजारी सुरम्यात शिसं असू शकतं, हे डॉक्टरही सांगतात. त्यांनी ऐकून घेतलं. करदोडा कमरेला ठीक, पण गळ्यात दोरा बांधून बाळाला झोपवू नका, अडकतो, हे मात्र त्यांनी लगेच मानलं. त्यांच्या जावेच्या घरी तसं होता होता राहिलं होतं.

मी मोबाईल काढला तशी आजींनी पदर बाळावर ओढला.

"फोटो काढस ते काढ, पन त्यावर काया टिका लावजो."

फोटोवर? हो, फोटोवरच. "तुन्ही नजर काय कमी शे का?" हसत म्हणाल्या, पण पदर काढला नाही. मी समोरच मोबाईलवर काळा ठिपका काढून दाखवला, तेव्हा कुठे बाळ दिसलं. परत येताना लक्षात आलं की गेले तीन आठवडे आम्ही गावभर वस्तूंकडे टक लावून बघतो आहोत, "किती छान, किती जुनी" म्हणतो आहोत. नजर म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

शब्दांची पाटी वर्गात लावली. अहिराणीत दीठ, डोया, नजर तिन्ही. दीठ संस्कृत दृष्टीवरून आलेली, ज्ञानेश्वरीतली 'दिठी' तीच. 'नजर' अरबी, 'ताईत'ही अरबी 'तावीझ'वरून. म्हणजे दुखण्याचं एक नाव आपल्या भाषेतलं, एक बाहेरचं, आणि औषधाचं नाव बाहेरचंच. सगळ्यात मजा 'गालबोट'ची आली. बाळाचं रूप मुद्दाम थोडं बिघडवायचं म्हणून लावतात ते गालबोट. पेपरात मात्र "मिरवणुकीला गालबोट" म्हणजे दगडफेक. रक्षणाचा ठिपका बातमीत डाग झाला.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल खानदेशची देवी कानबाई बसली, आज विसर्जन. वर्गात नऊ मुलं. सुरत, पुणे, नाशिकहून गाव घरी आलेलं, त्यामुळे वस्तू मात्र धो धो आल्या. घोड्याचा नाल, कवड्या, काळी बाहुली, चांदीचे तीन ताईत, फुटक्या मडक्यावर चुन्याचे ठिपके असलेलं शेतातलं तोंड. एकीच्या पुण्याच्या काकूनं निळ्या काचेचा डोळा दिला, तुर्की पद्धतीचा. तिकडे ही नजर निळ्या डोळ्यानं परतवतात, इकडे काळ्या ठिपक्यानं.

एका मुलानं रुमालात गुंडाळून वाघनख आणलं, चांदीत बसवलेलं, पणजोबांचं म्हणे. बाजारात शिंगाची बनावट नखंही पुष्कळ असतात, मला ओळखता येत नाही. खरं असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा. फोटो काढला नाही, यादीत घातलं नाही. वडिलांना बोलावून वनखात्याकडे विचारा म्हटलं. ते नख बघायला आख्खी दहावी आमच्या वर्गात येऊन गेली होती, हे मला नंतर कळलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

बिब्ब्यानं मला धडा दिला. मांडणीसाठी बिब्ब्याला दाभणानं भोक पाडायला गेले. रस बोटांना लागला, रात्रीपर्यंत दोन बोटांवर फोड. परीट कपड्यावर खूण करायचे ती याच रसानं, जात नाही. शिपाईमामा म्हणाले, "बिब्बा कोणी उघड्या हातानं धरतं का मॅडम?" मामांना हे आधी सांगता आलं असतं.

डाव्या हातानंच मीठ-मिरचीचा प्रयोग केला. दृष्ट काढताना मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. मीठ तडतडलं की नजर फुटली. मिरचीचा ठसका लागला नाही की नजर जबर होती. शेगडीवर तीन तवे ठेवले. खडेमीठ जोरात तडतडलं. तेच मीठ आधी मंद आचेवर तासभर भाजून घेतलं होतं, ते जवळजवळ गप्प. पुडीतलं बारीक मीठ नुसतं चुरचुरलं. मिठाच्या खड्यात पाणी अडकलेलं असतं, तापलं की वाफ होऊन खडा फोडतं. मिरचीचंही तसंच: निखाऱ्यावर नुसती तापून धुमसली तर वर्ग खोकून बाहेर पळाला, भडकून पेटली तेव्हा ठसका कमी. तिखटपणा जळून गेला.

प्रयोग झाल्यावर एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही काढता का दृष्ट? परीक्षेआधी आमच्या सासूबाई मुलाची काढतात, मी समोर उभी असते. तेव्हा त्या जे पुटपुटतात ते मी आज मुद्दाम आठवून लिहिलं: घरच्याची, दारच्याची, आल्याची, गेल्याची, पाहुण्याची, वाटसराची, मायबापाची. थांबले. यात मायबापही आहेत. आणि नाव एकाचंही नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

फॉर्म परत आले, ३४ पैकी ३१. रात्री जेवणं झाल्यावर वाचायला बसले.

सातवा रकाना २६ जणांनी भरला होता. २२ बायका. जाऊ, शेजारीण, "आमच्या मागची विधवा", "जिला पोरं नाहीत ती". तीन फॉर्मांवर, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच नाव. नाव ओळखीचं होतं. पाचवी ते आठवीची खिचडी शिजवायला आमच्याच शाळेत येतात त्या मावशी. माझ्या नववीला खिचडी नसते, तरी ही पोरं वाटी घेऊन मागच्या दारी जातात आणि त्या वाढतात. वाढणारीचं नाव त्यांनीच फॉर्मात लिहून आणलं. त्यांचा दोष काय? रकाना मी छापला होता.

आज २० ऑगस्ट. ११ वर्षांपूर्वी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यातली गुन्ह्यांची यादी सकाळी परिपाठात वाचून दाखवली होती मी. घरात मीठ-मोहरी ओवाळण्याशी त्याला काही देणंघेणं नाही. पण अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई येते, असं पसरवून त्याला छळणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. नंदुरबारच्या बाजूला, सातपुड्यात, बाईला डाकीण ठरवून मारझोड झाल्याची प्रकरणं कोर्टात गेलेली आहेत. तिथे कुणी छापील फॉर्म नेला नव्हता. सुरुवात मात्र अशाच एका प्रश्नानं झाली असणार: नजर कोणाची?

सासूबाईंच्या त्या पुटपुटण्यात सगळं गाव येतं आणि कुणाकडेच बोट जात नाही. माझा रकाना बोटच मागत होता.

काळा मार्कर घेतला आणि ३१ फॉर्मांवरचा सातवा रकाना भरून काढला. पहिले काही नीट चौकोन झाले. पुढे पुढे नुसते ठिपके.

२१ ऑगस्ट, बुधवार

तालुक्याच्या सोनाराकडे. एका मुलाच्या आजोबांच्या ताईताची कडी झिजली होती, डाग देऊन ती सांधायची म्हणून ते आलेले, मला बघायला बोलावलं. बोटाच्या पेराएवढी चांदीची नळी, वर दोन कड्या, एक टोक बंद, दुसरं टोपण लाखेनं बसवलेलं. डाग देताना आतलं जळेल म्हणून उघडणं भाग होतं. आजोबा आधी नाही म्हणाले, मग "साठ साल व्हयनात, देखू तरी" म्हणाले. सोनारानं बत्तीची ज्योत टोपणाखाली दोन क्षण धरली. लाख मऊ होऊन करपट वास आला. चिमट्यानं टोपण निघालं, आतून चिमूटभर राख आणि घडी घालून गुंडाळलेला कागद. कागद घडीवर फाटत होता, सोनारानं तो कापसाच्या पेळूवर उलगडला.

नऊ घरं, नऊ आकडे. पंधरिया यंत्र: आडवे, उभे, तिरपे, कसेही मिळवा, १५. मुलानं लगेच बेरीज सुरू केली. ८, १, ६ पंधरा. ३, ५, ७ पंधरा. ४, ९, ३ सोळा. पुन्हा मिळवलं. सोळाच. शेवटच्या घरात २ हवा होता. लिहिणाऱ्याचा दोन शेपटीत वळताना तीन झाला होता. शेवटचा उभा रकानाही सोळा, आणि एक तिरपा.

दुकानात कुणी बोलेना. मुलगा आजोबांकडे, सोनार माझ्याकडे. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, परत ठेवला आणि म्हणाले, "मंग काय, सोया आना काम व्हयनं!"

सोनार इतका हसला की चिमटा खाली पडला. कागद होता तसाच आत गेला, तीनसकट. दुरुस्त करून देऊ का, असं मुलानं विचारलं होतं. आजोबांनी हात जोडले.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा, सोमवती अमावस्या. शाळेला सुट्टी, मुलांनी परस्पर फोटो काढून आणले. बैलांच्या गळ्यात काळी लोकर, कवड्यांच्या माळा, शिंगांना रंग. गावात बैलजोड्या आता थोड्याच उरल्या. मिरवणुकीत शेवटी ट्रॅक्टर होता, त्याला पुढे काळी बाहुली आणि मागे उलटी चप्पल. बैलाची नजर ट्रॅक्टरकडे गेली, असं एकानं शेऱ्यात लिहिलं आहे. या वाक्याला पूर्ण गुण.

सगळ्या फोटोंवर मुलांनी आपणहून काळा ठिपका टाकला आहे, ट्रॅक्टरवरसुद्धा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

वस्तू ५२ झाल्या. नव्या घ्यायच्या नाहीत असं सकाळीच सांगितलं आणि दुपारी खिचडीवाल्या मावशी हात पुसत वर्गाच्या दारात आल्या. त्यांच्या हातात चिंधीत बांधलेला एकच मणी. काळा, गुळगुळीत, बोरापेक्षा थोडा मोठा, मधोमध भोक, भोकाच्या कडा दोऱ्यानं झिजून आत गेलेल्या. बजरबट्टू. दक्षिणेत आणि श्रीलंकेत वाढणाऱ्या एका प्रचंड ताडाचं हे बी. तो ताड आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळं गळली की मरतो. खानदेशात तो उगवत नाही. सुया-पोत विकत गावोगाव फिरणाऱ्या बायकांबरोबर त्याचे मणी आले.

त्यांच्या मायनं त्यांच्या गळ्यात बांधला होता, लहानपणी. लग्नात पेटीतून बरोबर आला. पुढे कुणाच्या गळ्यात बांधायचा ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

फॉर्मवाले ते तिघं बाकावर खाली बघत होते.

"मन्हं नाव लिखशात ना मॅडम, खाले?"

आतापर्यंत ठरलं होतं की चिठ्ठ्यांवर कुणाचंच नाव टाकायचं नाही. कारण मी वर्गाला सांगितलं होतं, खरं कारण सोडून. "लिहिते," म्हटलं. माहेरचं आडनाव हवं होतं त्यांना, मणी माहेरचा म्हणून.

१२ सप्टेंबर, गुरुवार

व्हरांड्यात मांडणी झाली. टेबलं तीन, चादरी घरून. बिब्बा काचेच्या बरणीत, बरणीवर "हात लावू नये", तरी एकानं लावलाच. राहून गेलेल्या निळ्या डोळ्याला जागा दाराशी मिळाली. आजोबांचा ताईत दोन तासांसाठी उसना, ते शेजारी खुर्ची टाकून बसलेले आणि सोळाची गोष्ट प्रत्येकाला नव्यानं सांगत होते. बाळाच्या आजी येऊन ठिपकेवाला फोटो निरखून गेल्या.

५३ चिठ्ठ्या, नाव एकीवरच. मावशी भांडी घासून आल्या, मण्यासमोर उभ्या राहिल्या. चष्मा घरी राहिला म्हणाल्या. मी पुढे होणार होते, तेवढ्यात त्यांनी जवळच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तिघांतलाच एक.

"काय लिखेल शे? वाच रे भो."

त्यानं वाचलं, एका दमात, हळू. ऐकू नाही आलं म्हणाल्या. मग त्यानं पुन्हा वाचलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पार दुसऱ्या टेबलापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.